वापरलेली लॅम्बोर्गिनी गॅलार्डो: हिंगण्याच्या शेडमधले नऊ महिने

मी डिझेल पंप आणि नोझलचं काम करते. हिंगणा एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. बाबांनी ते उभं केलं, आता मी आणि माझा धाकटा भाऊ चालवतो. ट्रॅक्टर, टिप्पर, बोअरवेलच्या गाड्या हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. त्याच शेडच्या शेवटच्या खणात गेल्या एप्रिलपासून २०१२ ची एक लॅम्बोर्गिनी गॅलार्डो एलपी ५६०-४ उभी असते आणि ती माझ्या नावावर आहे. नऊ महिने झाले, ४,१०० किलोमीटर झाले. गाडी कशी निघाली, कुठून घेतली, आम्हीही घ्यावी का, असं इतके जण विचारून राहिले की म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकावं.

गाडी उत्तम निघाली. पण तिच्या आधी एक दुसरी गाडी मी जवळजवळ घेतली होती. ती घेतली असती तर आज मी हे लिहायला बसले नसते, कुठल्या तरी ग्राहक मंचात बसले असते. म्हणून त्या गाडीबद्दलही सांगणार आहे.

लॅम्बोर्गिनीच का, याचं माझ्याकडे एकच उत्तर आहे. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा मुळात ट्रॅक्टरवाला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचं उरलेलं सामान स्वस्तात मिळायचं. त्याने मॉरिसच्या ट्रकची पेट्रोल इंजिनं घेतली आणि त्यांचे ट्रॅक्टर केले. पेट्रोल शेतकऱ्याला परवडेना, तेव्हा त्याने इंधनाचे बारीक तुषार करणारं एक यंत्र स्वतः तयार करून बसवलं. इंजिन पेट्रोलवर चालू करायचं आणि तापलं की डिझेलवर न्यायचं. १९४८ मध्ये त्याची ट्रॅक्टर कंपनी निघाली, मोटारी निघाल्या त्या १९६३ पासून. ही गोष्ट मला बाबांनी सांगितली होती, नोझलच्या टेस्ट बेंचपाशी उभं राहून. इंधन नीट फवारलं गेलं पाहिजे, यावरच आमचं घर चाललं. त्यामुळे त्या माणसाच्या नावाची गाडी एकदा आपल्या शेडमध्ये असावी असं मला पंचवीस वर्षं वाटत होतं. वर्धा रोडवरचा एक प्लॉट विकला गेला आणि पैसा हातात आला. आकडा लिहीत नाही. धरमपेठेत चांगला थ्री बीएचके घ्यायला जेवढे लागतात, साधारण तेवढ्यात गाडी, कर, वाहतूक असं सगळं बसलं.

फेरारीही पाहिल्या. ३६० आवडली होती, पण तिला टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्ह-पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) आहे आणि तो गाडी चालो वा उभी राहो, ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. नागपुरात ते काम कोणाकडून करून घेणार? एफ४३० ला चेन आहे, पण तिचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणारे पाइप, तडकतात आणि आतली बटणं उन्हाने चिकट होतात. नागपूरचं ऊन आणि चिकट होणारी बटणं ही जोडी मला नको होती. ४५८ माझ्या पैशांच्या पलीकडे. गॅलार्डोला टायमिंग चेन आहे, शरीर ॲल्युमिनियमचं आहे. २००३ ते २०१३ या काळात ती १४,०२२ बनली, म्हणजे या जातीच्या गाड्यांत ती बरीच बनली, आणि जास्त बनलेल्या गाडीचे भाग जगात कुठे ना कुठे मिळतात. शिवाय १९९८ पासून कंपनी ऑडीकडे आहे. एलपी ५६० चं ५.२ लिटरचं व्ही-१० इंजिन थोड्या फरकाने ऑडीच्या आर८ या स्पोर्ट्स कारमध्येही आहे. एसी-रेडिओची बटणं पाहिली तर ऑडीची ओळख लगेच पटते. काही जणांना हे खटकतं. मला तर त्याचाच आधार वाटला.

फेरुच्चोबद्दल अजून एक सांगतात. त्याच्या स्वतःच्या फेरारीचा क्लच सारखा जायचा. उघडून पाहिला तर आपण ट्रॅक्टरला घालतो तसलाच निघाला. एन्झो फेरारीला तो बोलायला गेला, तर त्याने धुडकावून लावलं, आणि या रागातून त्याने मोटारी काढल्या. खरं किती, खोटं किती, ते त्या दोघांना ठाऊक. पण वापरलेली गॅलार्डो घेणाऱ्यालाही पहिला प्रश्न क्लचचाच पडला पाहिजे. त्यावर खाली सविस्तर लिहिते.

आता ती पहिली गाडी. दूरच्या एका मोठ्या शहरातल्या डीलरकडे होती. पांढरी, २०१० ची, मीटरवर १४,००० किलोमीटर. फोटो असे की नजर हटू नये. मी फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगितली होती, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. थंड इंजिन पहिल्यांदा फिरताना जे सांगतं ते तापल्यावर सांगत नाही. चेनची खडखड, ऑइलचा निळा धूर, जड झालेला स्टार्टर, हे सगळं पहिल्या वीस सेकंदांत कळतं. आम्ही सकाळी दहाला पोचलो. भावाने मागच्या जाळीवर पंजा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. जाळी गरम होती.

तिथला विक्रेता सगळं भावालाच सांगत होता. एक्झॉस्ट, चाकं, अमुक हिरोकडे अशीच आहे, वगैरे. भाऊ म्हणाला, "माझ्याशी काहून बोलून राहिले? ताईशी बोला. गाडी ती घेऊन राहिली." त्यानंतर तो माझ्याशी बोलला, पण रंगाबद्दल.

मी गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला. एकही फॉल्ट कोड नाही, एकदम स्वच्छ. पण गाडीचा संगणक स्वतःच्या काही चाचण्या चालता चालता पूर्ण करत असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, ऑक्सिजन सेन्सरची वगैरे. कोड पुसले की या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि स्कॅनरवर "अपूर्ण" दिसतात. त्या गाडीच्या जवळजवळ सगळ्या अपूर्ण होत्या. म्हणजे गाडी फारशी चालायच्या आधीच कोड पुसले गेले होते, मुद्दाम किंवा बॅटरी काढून. कोणते पुसले, ते कळायला मार्ग नव्हता. कोड दिसले असते तर मी भाव केला असता. पुसलेल्या कोडचा भाव काय करायचा?

मग रंग. आपल्याकडे जुनी गाडी घ्यायला गेलं की लोक खिशातून चुंबक काढतात, पुट्टी भरली असेल तिथे ते चिकटत नाही म्हणून. गॅलार्डोवर चुंबक कुठेच चिकटणार नाही, कारण पत्रा ॲल्युमिनियमचा. रंगाची जाडी मोजायचं स्वस्त यंत्रही फक्त लोखंडावर चालतं. ॲल्युमिनियमवर चालणारं यंत्र मुद्दाम मागून घ्यावं लागतं, मी ते नेलं होतं. दारावर १३० मायक्रॉन आलं, ते ठीक. उजव्या मागच्या बाजूला ४१० आलं. तिथे मार बसला होता, भरला होता आणि रंगवला होता. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, छोटीशी स्क्रॅच होती." ओरखड्याला इतका जाड थर लागत नाही. ॲल्युमिनियम ठोकून सरळ करणारा माणूस वेगळा असतो, लोखंडाच्या डेंटरने हात लावला की पत्रा ताणला जातो आणि जोड कमकुवत होतात.

टायरला खोली भरपूर होती. पण टायरच्या कडेवर चार आकड्यांचा ठसा असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यावर ४६१३ होतं. २०१३ चा शेहेचाळिसावा आठवडा. अकरा वर्षांचं रबर घालून समृद्धीवर जायचं म्हणजे जिवाशी खेळ. मे महिन्यात ते सिमेंट तव्यासारखं तापलेलं असतं.

आम्ही गाडी सोडली. पन्नास हजारांचं टोकन मात्र मी आधीच भरलं होतं. ते परत यायला अडीच महिने लागले. "अकाउंटवाले सुट्टीवर आहेत" हे वाक्य मी किमान नऊ वेळा ऐकलं. तेव्हा टोकन भरायचंच असेल तर पावतीवर लिहून घ्या, की तपासणीत गाडी पसंत न पडल्यास रक्कम सात दिवसांत परत. लिहून द्यायला तयार नसेल तर विमानाचं तिकीटसुद्धा काढू नका.

दुसरी गाडी, म्हणजे माझी, बेंगळुरूच्या एका साठीतल्या गृहस्थांची. कॉफीच्या व्यवसायातले. फोनवर त्यांनीच मला आधी प्रश्न विचारले. कुठे ठेवणार, कोण चालवणार, सावली आहे का, चार्जर आहे का. मी डिझेल पंपाचं काम करते म्हटल्यावर म्हणाले, "मग तुम्हाला हायड्रॉलिक पंपाचा आवाज कळेल. या आणि ऐका."

आम्ही सकाळी साडेसातला पोचलो. गाडी कापडाखाली होती. त्यांनी कापड काढलं आणि दार फक्त उघडलं, किल्ली अजून हातातच होती. सीटमागून कुठूनतरी एक बारीक गुणगुण आली, चार-पाच सेकंद, आणि थांबली. हे मला फार आवडलं. या गाडीत ई-गिअर आहे. म्हणजे गिअरबॉक्स साधा, हाताने टाकायचा असतो तसाच, सहा गिअरचा, क्लचही एकच. फक्त पायाचं आणि हाताचं काम हायड्रॉलिक दाबाने होतं. दार उघडताच पंप दाब भरून घेतो. दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर चांगला असेल तर त्यानंतर पंप अधूनमधूनच बोलतो. प्रत्येक गिअरला पंप करकरायला लागला तर समजावं की ॲक्युम्युलेटर थकलाय, आणि त्याच्या पाठोपाठ पंपही जळणार. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये हेच होतं, फक्त तिथे माणसं आवाज ओळखतात. इथे रेडिओ चालू असतो म्हणून कोणी ऐकत नाही. मी रेडिओ बंद ठेवून दहा मिनिटं गिअर वरखाली करत राहिले. पंप शहाण्यासारखा वागला.

इंजिनवर धातूची एक छोटी पट्टी आहे, तिच्यावर आकडे कोरलेत: १-६-५-१०-२-७-३-८-४-९. कुठल्या सिलिंडरनंतर कुठला पेटणार, तो क्रम. आमच्याकडे फायरिंग ऑर्डर पंप बसवणाऱ्याच्या डोक्यात असते, नाहीतर खडूने बोनेटवर लिहिलेली. इथे कारखान्याने ती दागिन्यासारखी वर मढवली आहे. मी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग मालकांनी गाडी चालू केली. एक मोठी डरकाळी फुटली, मिनिटभर इंजिन चढ्या आवाजात धावलं आणि मग खाली बसलं. धूर नाही, खडखड नाही. भाऊ मागे उभा होता, त्याच्या सदऱ्याची बाही एक्झॉस्टच्या हवेने हलत होती.

त्यांनी एक जाड फाईल पुढे ठेवली. प्रत्येक सर्व्हिसचं बिल, दोन्ही किल्ल्या, टायरचं बिल, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बिल ऑफ एंट्री. ही गाडी भारतात बनत नाही, बंदरावर उतरते. तेव्हा सीमाशुल्क पूर्ण भरलं होतं याचा तो कागद. त्यावरचा चेसिस नंबर, आरसीवरचा आणि गाडीच्या पुढच्या काचेखाली दिसणारा, तिन्ही अक्षर अक्षर जुळले पाहिजेत. लॅम्बोर्गिनीचा नंबर झेड-एच-डब्ल्यूने सुरू होतो, फेरारीचा झेड-एफ-एफने. बिल ऑफ एंट्री "हरवलंय" असं कोणी म्हणालं तर गाडी कितीही स्वस्त असो, तिथून निघा. शुल्क चुकवून आलेली गाडी सरकार जप्त करतं, आणि तेव्हा ती ज्याच्या दारात उभी असेल त्याच्याच डोक्याला ताप.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात, त्याचंही कारण लक्षात घ्या. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०२५ पर्यंत सरसकट बंधन होतं, त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची झाली की मालक विकायला काढत. गाडी वाईट असेलच असं नाही. पण घड्याळ पाहून व्यवहार करावा.

क्लच किती झिजला, हे कंपनीच्या निदान-यंत्रावर टक्क्यांत दिसतं. साध्या स्कॅनरवर ते मिळत नाही. मालकांनी गाडी स्वतः अधिकृत वर्कशॉपला नेली आणि माझ्यासमोर आकडा काढून घेतला: ३८ टक्के झीज, २१,००० किलोमीटरला. हा आकडा कागदावर मिळेपर्यंत गॅलार्डोचा सौदा करू नये, असं माझं ठाम मत आहे. किलोमीटर कमी म्हणजे क्लच चांगला, हा समज चुकीचा. ८,००० किलोमीटर फक्त हॉटेलच्या पोर्चमध्ये आणि ट्रॅफिकमध्ये चाललेली गाडी क्लच खाऊन बसलेली असते. मोकळ्या रस्त्यावर ३०,००० चाललेलीचा शाबूत असतो. या क्लचला सर्वांत वाईट काय, तर चढावर रिव्हर्स. त्याच्या खालोखाल इंच-इंच सरकणं. क्लच, बेअरिंग, मजुरी धरून जो खर्च मला सांगितला गेला, त्यात एक नवी छोटी मोटार येते.

सौदा तिथेच झाला. बाजारात त्याच वर्षाच्या ज्या गाड्या पाहिल्या होत्या त्यापेक्षा मी थोडे जास्तच मोजले, आणि ते मला एक दिवसही खुपले नाहीत.

कागदांचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या राज्यातली गाडी, म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. मग नाव चढवायला २९ आणि ३०, आणि महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने. गाडीचं वय धरून तो कमी होतो, पण बाहेरून आलेल्या गाडीला दरच चढा आहे, तेव्हा ही रक्कम सौद्याच्या आधी आरटीओत विचारून घ्या. आम्ही भाव ठरवताना ती बाजूला काढून ठेवली होती, म्हणून दम लागला नाही. विमा आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज चौदा दिवसांच्या आत द्या. इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारा विमा) सहसा मिळत नाही, बंपर घासला तर खर्चाचा मोठा वाटा आपलाच. २०२७ मध्ये माझ्या गाडीला पंधरा वर्षं होतील, तेव्हा पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर. नागपूरच्या आरटीओत गाडी पाहायला सगळी लाईन बाहेर आली होती. चेसिसची पेन्सिलने छाप घेणाऱ्या दादांनी आधी हात धुतले. एमएच-३१ चा नंबर लागला त्या दिवशी आईने गाडीला हळदकुंकू वाहिलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं.

बेंगळुरूहून अकराशे किलोमीटर गाडी बंद कंटेनरमधून आणली. चालवत आणायचा मोह झाला होता. पण अनोळखी गाडी, एप्रिलचं ऊन, वाटेत सर्व्हिस सेंटर नाही. शहाणपण केलं.

आता नागपुरात ही गाडी बाळगायची म्हणजे काय, ते.

घरी ती ठेवताच आली नाही. आमचं घर त्रिमूर्ती नगरला, जोतं उंच, रॅम्प आखूड. गाडीच्या नाकाला वर उचलायची सोय आहे, बटण दाबलं की पुढचा भाग काही सेंटिमीटर चढतो. तरीही रॅम्पच्या माथ्यावर पोट टेकत होतं. मिस्त्रीला बोलावून उतार लांबवायचा म्हटलं तर तो रस्त्यावरच्या नालीवर जाऊन राहिला होता. शेवटी शेडमधला शेवटचा खण रिकामा केला, जमीन सपाट करून घेतली. वर टिनाचा पत्रा होता, त्याखाली उष्णता अडवणारी शीट लावली. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना त्या खणात किती, हे मोजायला थर्मामीटर टांगला आणि शीट लावल्यावर सहा अंशांचा फरक पडला. हा खर्च फालतू वाटेल, पण डॅशबोर्डवरचं कातडं उष्णतेने ओढलं जातं आणि काचेच्या बाजूने उचकटतं. मी दोन गाड्यांत ते पाहिलं होतं. बॅटरीला चार्जर कायम लावलेला असतो.

ब्रेकर हा रोजचा छळ. कॉलनीतले लोकांनी स्वतः घातलेले ब्रेकर तर ट्रॅक्टरलाही जड जातात. मी तीन रस्ते पाठ केलेत, त्याबाहेर जात नाही. हिंगणा टी-पॉइंटला सायंकाळी सहानंतर गाडी काढतच नाही. सिग्नलला थांबले की लगेच न्यूट्रल. गर्दीत पुढची रिक्षा चार फूट सरकली म्हणून आपण सरकायचं नाही. चांगली वीस फूट जागा होऊ द्यायची आणि मग एकदाच निघायचं. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या. क्लचचे पैसे ते देणार नाहीत.

पेट्रोलबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण हे माझं क्षेत्र आहे. आता पंपावर मिळणारं पेट्रोल बहुतेक २० टक्के इथेनॉलचं आहे. २०१२ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. रोज चालणाऱ्या गाडीचं फार बिघडत नाही, पण ही गाडी आठ-आठ दिवस उभी असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. नागपूरच्या पावसाळ्यात ते भरपूर मिळतं. ते पाणी जास्त झालं की टाकीच्या तळाशी बसतं आणि मग उच्च दाबाच्या पंपात आणि इंजेक्टरमध्ये जातं. इंजेक्टरच्या गंजलेल्या सुया मी रोज भिंगाखाली पाहते, डिझेलच्या असल्या तरी गंज तोच. म्हणून मी पावसाळ्यात टाकी भरून ठेवत नाही. वीस लिटर घालते, चालवून संपवते, पुन्हा वीस घालते. घेतल्या घेतल्या इंधनाच्या रबरी नळ्या तपासल्या, एक फुगलेली होती, ती बदलली. लिटरला साधारण पाच किलोमीटर पडतात.

अधिकृत सर्व्हिस मुंबई, दिल्ली किंवा बेंगळुरू. ऑइल, फिल्टर, ब्रेक फ्लुइड आम्ही शेडमध्ये करतो. मोठ्या तपासणीला मुंबईहून तंत्रज्ञ बोलावला, त्याचं येण्याजाण्याचं भाडं आणि मुक्काम आपल्याकडे. पुढच्या जाळ्यांत अडकलेला कचरा दर महिन्याला हवेने साफ करते. जूनमध्ये त्यातून मूठभर पिसं आणि कडुनिंबाची पानं निघाली होती, आणि तेवढ्यानेच पंखा वारंवार चालू होत होता.

आणि चालवायला? पहाटे साडेपाचला निघते. वर्धा रोडच्या डबल-डेकर पुलावर चढते, डोक्यावर मेट्रो, खाली रस्ता, मधल्या मजल्यावर मी. तीन किलोमीटरांहून थोडा जास्त लांबीचा तो पूल म्हणजे या इंजिनासाठी घुमट आहे. तिसऱ्या गिअरात पाय थोडा दाबला की आवाज वरच्या काँक्रीटला आपटून अंगावर परत येतो. एसी बंद, काचा खाली. तिथून पुढे शिवमडक्याला समृद्धीवर. नाक्यावरून बाहेर पडल्यावर दुसरा गिअर, तिसरा, आणि शंभरचा आकडा कधी आला ते कळतही नाही. कंपनी ० ते १०० ला ३.७ सेकंद सांगते. गिअर बदलताना पाठीत एक स्पष्ट धक्का बसतो. नव्या दुहेरी क्लचच्या गाड्यांत तो नाही, पण मला तो हवासा वाटतो, कारण यंत्र काय करतंय ते अंगाला कळतं. मग १२० वर स्थिर. मर्यादा तेवढीच आहे आणि मी ती पाळते, गाडी ३२५ ला जाऊ शकते तरी. वर्धा इंटरचेंजला उतरून परत. सात वाजता फुटाळ्याला तर्री पोहे. पोट्टे गोळा होतात, मोबाईल काढतात. एका पोरीने विचारलं, "काकू, तुम्हीच चालवता?" तिला शेजारी बसवून तलावाच्या कडेने एक फेरी मारून आणली, तिच्या आईला विचारून.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. मागचं काही दिसत नाही, कॅमेऱ्याशिवाय मागे घेऊ नका. आईला बसताना दोघांनी धरावं लागतं. सामानाला जागा एका हातपिशवीची. ऊन चढलं की अकरा ते सहा गाडी बाहेर काढायची नाही, हा मीच घातलेला नियम, म्हणजे मे महिना जवळजवळ वाया. आणि साध्या सेन्सरला पंचवीस दिवस वाट पाहावी लागली. तोच भाग ऑडीच्या डब्यात चार दिवसांत मिळाला असता, हे नंतर कळलं. भागावरचा नंबर आधी वाचायचा, मग ऑर्डर द्यायची.

नागपुरात कोणी घेणार असेल तर तपासणीला माझं जाडी मोजायचं यंत्र घेऊन जा, मी देईन. गेल्या आठवड्यात तंत्रज्ञ येऊन गेला. त्याने त्याचं यंत्र लावलं तेव्हा भाऊ, मी आणि आमचे दोन कारागीर स्क्रीनभोवती उभे होतो. बेंगळुरूला क्लचची झीज ३८ टक्के होती. आता ४१ आहे.